तीनशेचे साडेचारशे : प्रोसेसरचा वेग, थंडावा आणि भरवसा

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यंत्रं बनवणाऱ्यांबद्दल बोलतो. आज थोडं उलट करू. यंत्र विकत घेऊन घरी आणल्यावर त्याचं झाकण उघडणाऱ्या माणसांबद्दल बोलू. विषय आहे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर त्याच्यावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं.

आधी हा छापलेला वेग म्हणजे काय ते बघू. आपण एक किलो साखर आणतो तेव्हा पुड्यात एक किलोच साखर असते. प्रोसेसरवर '३०० मेगाहर्ट्झ' लिहिलेलं असतं तेव्हा मामला वेगळा असतो. कंपनी सांगत असते की हा तुकडा ३०० ला नक्की चालेल. उन्हाळ्यात चालेल, बंद डब्यात चालेल, काही वर्षं चालेल. त्याच्या पुढे किती चालेल, यावर कंपनी काहीच बोलत नाही. आजचं व्याख्यान त्या न बोललेल्या जागेबद्दल आहे. ती जागा कुणाची? कंपनीची की आपली? आणि तिथे पाऊल टाकलं तर धोका कुठला? इतिहासात या प्रश्नांची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली आहेत.

हलगी आणि लेझीम

प्रोसेसरच्या आत लाखो छोटे स्विच असतात. ते सगळे एका ठेक्यावर चालतात. लेझीमचं पथक डोळ्यांसमोर आणा. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला प्रत्येकाने आपलं पाऊल पूर्ण करून पुढच्यासाठी तयार व्हायचं. ठेका वाढवत नेला तर पथक केव्हा बिघडेल? सगळे दमले की नाही. पथकातला सगळ्यात सावकाश माणूस मागे राहिला की. चिपमध्येही तसंच. विजेचा संदेश ज्या सगळ्यात लांबच्या, सगळ्यात सावकाश वाटेने जातो, ती वाट वेग ठरवते. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. दोन ठोक्यांमध्ये साधारण ३.३ नॅनोसेकंद मिळतात. ४५० मेगाहर्ट्झला मिळतात फक्त २.२.

एकाच कारखान्यात, एकाच चकतीवर बनलेल्या दोन चिपा तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून कंपनी प्रत्येक चिप तपासते आणि वेगाप्रमाणे प्रतवारी लावते. आंब्याच्या पेट्या लावतात तशीच ही गोष्ट. पण बाजारात स्वस्त मालाची मागणी जास्त असेल आणि कारखान्यात बहुतेक माल वरच्या प्रतीचा निघत असेल, तर काय होतं? वरच्या प्रतीच्या मालावरही खालच्या प्रतीचं लेबल लागतं. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा इतिहास या एका व्यावहारिक सत्यावर उभा आहे.

स्फटिक बदलणारे लोक

सुरुवातीलाच एक गंमत. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता, पण तो चालायचा ४.७७ ला. कारण त्या यंत्रात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक होता. त्याला चारने भागलं की अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारा ठेका मिळायचा आणि तीनने भागलं की प्रोसेसरचा. एका स्फटिकात दोन कामं, तेवढाच खर्च वाचला. म्हणजे पहिला पीसी खरं तर थोडा मागे ओढलेलाच होता.

१९८४ मध्ये आयबीएमचा पीसी एटी आला. प्रोसेसर ८०२८६, वेग ६ मेगाहर्ट्झ. त्याच्या मदरबोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक सॉकेटमध्ये बसवलेला होता. डाग दिलेला नव्हता, नुसता खोवलेला. हौशी मंडळींच्या ते लगेच लक्षात आलं. तो उपटायचा, १६ चा बसवायचा, की यंत्र ८ मेगाहर्ट्झला. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि खर्च झाला एका स्फटिकाचा. कंपनीने यावर काय केलं? नंतरच्या बायॉसमध्ये अशी तपासणी घातली की यंत्र ठरलेल्यापेक्षा वेगाने चालताना दिसलं, तर ते सुरूच होऊ नये. पुढे ८ मेगाहर्ट्झचा एटी कंपनीने स्वतः बाजारात आणला. ही जोडी लक्षात ठेवा : ग्राहकाने वाट शोधायची, कंपनीने ती बुजवायची आणि मग तोच माल वेगळ्या लेबलाने विकायचा. पुढच्या तीस वर्षांत हे वारंवार घडलं.

गुणक, जंपर आणि खोटी लेबलं

१९९२ साली इंटेलचा ४८६डीएक्स२ आला आणि एक नवा विचार आला. मदरबोर्ड ३३ मेगाहर्ट्झलाच चालू दे, प्रोसेसरने आतल्या आत त्याला दोनने गुणावं आणि ६६ ला चालावं. इथून पुढे वेग म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार झाला. एक बाहेरच्या बसचा ठेका आणि दुसरा गुणक, म्हणजे मल्टिप्लायर. पेंटियमच्या काळात हे दोन्ही मदरबोर्डवरच्या छोट्या जंपरांनी ठरायचे. टोपी एका पिनेवरून दुसरीवर सरकवली की काम झालं.

जे घरी हौसेने करता येतं, ते दुकानात फसवणूक म्हणूनही करता येतं. नव्वदच्या दशकात स्वस्त पेंटियमवरची छपाई घासून त्यावर वरचा आकडा छापायचा आणि महाग विकायचा, असा धंदा जगभर चालला. त्या काळात ज्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन असेंबल्ड पीसी बांधून घेतले, त्यांना आठवत असेल की प्रोसेसर डबाबंद आहे की सुटा, यावर केवढी चर्चा व्हायची. इंटेलने पुढे गुणक चिपमध्येच कुलूपबंद केला. खोटी लेबलं रोखायला हे कारण रास्तच होतं. पण कुलूप लावणाऱ्याचा फायदा दुहेरी होता, कारण चोराबरोबर हौशी माणूसही बाहेर राहिला. निदान तसं वाटलं होतं.

सेलेरॉन ३००ए

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. एएमडीचा के६ स्वस्त बाजार खात होता, त्याला उत्तर म्हणून. आत पेंटियम टूचाच गाभा होता, पण दुसऱ्या पातळीचा कॅश, म्हणजे जवळची झटपट आठवण, पूर्णच काढून टाकला होता. परिणाम असा झाला की यंत्र रखडायचं, आणि टीका भरपूर झाली.

२४ ऑगस्ट १९९८ ला सुधारलेला सेलेरॉन आला. त्याच वेगाचा कॅश नसलेला सेलेरॉन आधीच बाजारात होता, म्हणून ओळखीसाठी याला 'ए' अक्षर जोडलं : ३००ए. यात १२८ केबी कॅश होता. ऐकायला कमी, कारण पेंटियम टूमध्ये ५१२ केबी असायचा. पण पेंटियम टूचा कॅश वेगळ्या चिपांमध्ये, शेजारी होता आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायचा. ३००ए चा कॅश त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर होता आणि पूर्ण वेगाने चालायचा. यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. पेंटियम टूचा वेग वाढवायला गेलं तर शेजारच्या कॅश चिपा आधी हात वर करायच्या. सेलेरॉनमध्ये ती अडचणच उरली नाही.

आता गुणाकार बघा. ३००ए चा गुणक होता ४.५, कुलूपबंद. बस होती ६६ मेगाहर्ट्झ. ६६ गुणिले साडेचार, ३००. गुणकाला हात लावता येत नाही, ठीक आहे. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलनेच ४४०बीएक्स हा चिपसेट काढला होता आणि तो अधिकृतपणे १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालायचा. १०० गुणिले साडेचार, ४५०. एका पायरीत दीडपट!

आणि आता भाव बघा. ३००ए आला त्याच दिवशी इंटेलने आपला सगळ्यात वेगवान पेंटियम टू जाहीर केला. त्याचा वेग ४५० मेगाहर्ट्झ. घाऊक खरेदीचा भाव ६६९ डॉलर. सेलेरॉनचा भाव १४९. बऱ्याच कामांत, विशेषतः खेळांमध्ये, ४५० ला चालवलेला ३००ए त्या महागड्या भावाच्या मांडीला मांडी लावून बसायचा. कंपनीने गरीब आणि श्रीमंत ग्राहकांमध्ये जी भिंत बांधली होती, तिच्यात दारही कंपनीच्याच दोन मालांनी मिळून पाडलं होतं.

अबिट बीएच६ सारख्या मदरबोर्डवर जंपरही नव्हते. बायॉसच्या पडद्यावर आकडा निवडायचा आणि बाहेर पडायचं. ज्यांच्या बोर्डावर ही सोय नव्हती त्यांनी आणखी एक वाट शोधली. स्लॉट १ च्या पट्टीवर बी२१ नावाचा एक संपर्क होता. हा प्रोसेसर ६६ चा आहे, ही खूण तोच बोर्डाला द्यायचा. त्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला किंवा नेलपॉलिशचा थेंब सुकवला, की बोर्ड १०० ची बस निवडायचा.

सगळेच तुकडे ४५० ला पोचले का? नाही. काही ठरलेल्या २.० व्होल्टवर सहज गेले, काहींना थोडं जास्त व्होल्टेज लागलं, काही गेलेच नाहीत. ज्यांचे गेले नाहीत त्यांनी मधला मार्ग काढला, ८३ मेगाहर्ट्झची बस. इथे या कथेतला पहिला खरा बळी जातो, आणि तो प्रोसेसर नाही. हार्ड डिस्क आणि कार्डं ज्या पीसीआय बसवर असतात, ती ३३ मेगाहर्ट्झला चालायला हवी. ६६ ला दोनने भागलं तर ३३, १०० ला तीनने भागलं तर ३३. दोन्हीकडे सगळं नियमात. पण ८३ ला दोनने भागलं तर साडेएकेचाळीस येतात. प्रोसेसर मजेत चालायचा आणि डिस्कवर लिहिली जाणारी माहिती गुपचूप बिघडायची. मोठी उडी सुरक्षित आणि छोटी उडी घातक, असा हा विचित्र हिशेब होता. आकडा किती वाढवला यापेक्षा त्या आकड्याला आणखी काय काय बांधलेलं आहे हे बघायचं असतं, हा धडा लोक तिथे शिकले.

थंडाव्याचं गणित

आता उष्णतेकडे वळू. चिप काम करताना जी शक्ती खाते, तिचा ढोबळ नियम असा : वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३००ए फक्त ४५० ला नेला तर दीडपट. त्यासाठी व्होल्टेज २.० वरून २.२ केलं तर १.१ चा वर्ग १.२१, गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ १.८ पट. वेग दीडपट मिळाला, उष्णता मात्र पावणेदोन पटीपेक्षा जास्त झाली. व्होल्टेज हे असं कर्ज आहे की त्याचं व्याज वर्गात वाढतं.

गरम झालेली चिप सावकाश होते, मग तिला आणखी व्होल्टेज लागतं, मग ती आणखी गरम होते. म्हणून थंडावा हाच खरा पाया. सुरुवातीच्या ४८६ वर अनेकदा हीटसिंकसुद्धा नसायचा. दहा वर्षांत पंखे, तांब्याचे ठोकळे, पाण्याच्या नळ्या, सगळं आलं. क्रायोटेक नावाच्या कंपनीने तर फ्रिजसारखं शीतकरण डब्यातच बसवलं आणि एएमडीचा ॲथलॉन १ गिगाहर्ट्झला चालवून जानेवारी २००० मध्ये विकायला काढला. एएमडी आणि इंटेल स्वतः तिथे मार्चमध्ये पोचले. टोकाला द्रवरूप नायट्रोजन आहे, उणे १९६ अंश. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० द्रवरूप वायूंच्या थंडाव्यावर ८.४२९ गिगाहर्ट्झला नेला आणि तो गिनीजमध्ये नोंदला गेला. पण अशा विक्रमात प्रोसेसर तो आकडा काही क्षण दाखवतो. आपल्याला त्यावर हिशेब लिहायचे असतात.

आपल्याकडच्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. साधा पंखा किंवा साधं पाणी चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. हीटसिंक चिपला खोलीपेक्षा तीस अंश वर रोखून धरतो असं मानू. डिसेंबरात पुण्यात रात्री खोली १८ अंशांवर असेल तर चिप ४८ वर. तेच यंत्र मे महिन्यात नागपुरात ४२ अंशांच्या खोलीत ७२ वर. सेटिंग तेच, बोर्ड तोच. थंड देशातल्या माणसाने लिहिलेले आकडे जसेच्या तसे उचलायचे नसतात ते यासाठी. आपली परीक्षा मेमध्ये घ्यायची.

"चालतंय ना?"

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. संगणक सुरू झाला, पडदा आला, म्हणजे चालतंय का? लेझीमच्या पथकात एक माणूस अर्धं पाऊल चुकला तर दुरून कळतही नाही. चिपमध्येही बहुतेक चुका मोठ्या आवाजात होत नाहीत. यंत्र बंद पडलं तर बरंच. निदान आपल्याला कळतं. वाईट चूक म्हणजे उत्तर चुकतं आणि यंत्र चालू राहतं. फोटोतला एक बिट उलटतो, दाबून ठेवलेली फाईल सहा महिन्यांनी उघडत नाही, हिशेबातला एक आकडा बदलतो. घरच्या बहुतेक यंत्रांच्या मेमरीत अशा चुका पकडायची सोय नसते.

यावर उपाय आला गणिताकडून. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा एक सामुदायिक प्रकल्प सुरू केला. दोनाच्या मोठ्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या प्रचंड मूळ संख्या. जगभरच्या घरच्या संगणकांनी महिनोन्‌महिने गुणाकार करायचे. त्यात एक चूक झाली तर सगळी मेहनत वाया. म्हणून त्यांच्या प्राईम९५ या प्रोग्राममध्ये यंत्राची परीक्षा घेणारी चाचणी होती. जड गुणाकार करायचे, उत्तरं आधी माहीत असलेल्या उत्तरांशी ताडायची आणि फरक दिसला की थांबायचं. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी ही चाचणी उचलली आणि तीच त्यांची कसोटी झाली. किती वेग मिळाला, याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येऊ लागला : प्राईम९५ किती तास टिकला? काही जण चोवीस तास चालवायचे.

आम्हाला इतिहास म्हणून हा बदल विक्रमांपेक्षा मोठा वाटतो. कारखान्यातली प्रतवारी करणारा माणूस जे काम करायचा, ते काम हौशी माणसाने स्वतःकडे घेतलं होतं. कंपनीचं लेबल खोडलंत, तर त्याच्याबरोबर कंपनीची हमीही खोडली जाते. मग नवी हमी आपणच द्यायची आणि त्यासाठी पुरावा जमवायचा.

कुलपं आणि किल्ल्या

पुढचं जरा झपाट्याने बघू. २००० च्या सुमाराला एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्युरॉनवर एल१ नावाचे बारीक पूल उघड्यावर होते. साध्या शिसपेन्सिलीने ते जोडले की गुणकाचं कुलूप उघडायचं, कारण शिशातलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. त्यानंतरच्या ॲथलॉन एक्सपीवर पुलांच्या मध्ये लेझरने खड्डे पाडलेले आले आणि पेन्सिल निकामी झाली. २००७ मध्ये इंटेलचा क्यू६६०० गाजला. २६६ ची बस ३३३ केली की २.४ चे ३ गिगाहर्ट्झ. आणि जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आला, त्याने तो रस्ताच बंद केला. आता १०० मेगाहर्ट्झचा एकच मूळ ठेका जवळजवळ सगळ्या यंत्राला बांधलेला होता. तो चार-पाच टक्के वाढवला तरी बाकीचे भाग कुरकुरायचे. मात्र ज्यांच्या नावापुढे 'के' अक्षर होतं, त्यांचा गुणक मोकळा होता. थोडे पैसे जास्त द्या आणि किल्ली घ्या. एटीच्या स्फटिकाचीच गोष्ट, फक्त आता किल्लीलाही किंमत लागली.

त्याआधीच, २००८ पासून, इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये टर्बो बूस्ट आलं होतं. थंडावा आणि वीज पुरेशी असेल तर प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो. न बोललेली जागा कंपनीने हळूहळू स्वतःच वापरायला घेतली. आता त्या जागेत हात घालायला फारसं उरलेलं नाही, आणि तिथला धोकाही कंपनीकडे गेला आहे. २०२४ मध्ये इंटेलला आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल मान्य करावं लागलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यातून अस्थिरता येत होती. मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. छापलेल्या वेगानेच यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हौशी माणसाचं दुखणं आलं.

जुनं यंत्र घरात असेल तर

शेवटी व्यवहाराचं. आपल्यापैकी कुणाच्या घरी दहा-पंधरा वर्षांचा डेस्कटॉप असेल आणि त्यातून थोडं जास्त काम काढायचं असेल, तर या इतिहासातून क्रम सापडतो. आधी सगळ्या फाईलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र सुधारतं, कारण तापल्यामुळे ते आपला वेग आपणच कमी करत असतं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर तिथेच थांबा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या अनेक बोर्डांना तो रोग होता. जुन्या पॉवर सप्लायवरही फार विश्वास टाकू नका. छापलेल्या वेगावर पूर्ण भार देऊन तापमान मोजा. मगच एका वेळी एकच आकडा, एकेक पायरी वाढवा. व्होल्टेजला सगळ्यात शेवटी हात लावा, कारण जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता मिळून चिपमधल्या बारीक तारा झिजवतात. प्रत्येक पायरीला तासन्‌तास परीक्षा घ्या. जिथे चूक दिसेल तिथून एक पाऊल मागे या आणि तिथेच राहा.

ते मागे घेतलेलं पाऊल म्हणजेच ती न बोललेली जागा. सुरुवातीला आपण तिला कंपनीने लपवलेला माल समजत होतो. पण उन्हाळा, धूळ, म्हातारपण आणि आपल्या फाईली, यांच्यासाठीही ती राखलेली असते. ती वापरायचा हक्क आपल्याला आहे, असं आम्हाला वाटतं. फक्त ती कशासाठी होती हे आधी मोजून बघावं लागतं.

आता प्रश्न घेऊ.